कुबातच्या वाटणीची दुवा

रोज सकाळी गाईचं दूध काढून झालं की बुर्माकान बादली घरात न नेता आधी रस्त्यावर यायची. कालव्याच्या कठड्यावर बसायची, बादलीवर फडकं टाकायची आणि वळणाकडे बघत राहायची. वळणाला लागूनच आमचं कबरस्तान आहे. तिथून जाणारा माणूस, मग तो कोळशाचा ट्रक चालवणारा असो की लग्नाच्या गाडीतला, स्टिअरिंगवरचे हात क्षणभर उचलतो, दोन्ही तळवे तोंडावरून खाली फिरवतो आणि पुढे जातो. मेलेल्यांसाठी ती दुवा. कबर कोणाची, ते कोणी विचारत नाही.

बुर्माकान या दुवा पारखून घ्यायची.

"ह्यानं केली," ती स्वतःशीच म्हणायची. "ह्यानं एकाच हातानं केली, दुसऱ्या हातात सिगारेट. आणि हा बघ, हा! ह्यानं नुसतं नाक पुसलं. मला काय कळत नाही?"

समोर झिपारचं चहाचं दुकान होतं. ट्रकवाले तिच्याकडे थांबत, म्हणून ती दिवस उजाडायच्या आत चूल पेटवायची. थोरल्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात. झिपार तिथून ओरडायची, "एजे, उद्यापासून शिट्टी घेऊन बस. ज्यानं दुवा केली नाही, त्याला अडव!"

"तू आधी तुझ्या चहात चहाची पानं घाल," बुर्माकान म्हणायची. "मग मला शिकव."

संशय हा तिचा स्वभावच होता. शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती, तेव्हा मांसाच्या पातेल्यावर झाकण आणि झाकणावर दगड ठेवायची. मुख्याध्यापक चव बघायला आले तर त्यांच्या ताटाकडे बघत उभी राहायची. आमच्या चोंग-ताल गावात तिच्याकडून कोणी कोंबडी उसनी मागत नसे, कारण परत दिलेली कोंबडी तीच आहे का, यावर दोन महिने बोलणं व्हायचं. पण वळणावर बसण्याचं कारण वेगळं होतं. तिथे रस्त्याला अगदी लागून, खालच्या कडेला, तिचा कुबात होता.

कुबात रशियात बांधकामावर गेला आणि पेटीतून परत आला. लग्न झालं होतं, पण मूल नव्हतं. बायको वर्षाच्या आत माहेरी गेली आणि पुढे दुसऱ्या घरी. मूलबाळ नसताना माणूस गेला की आमच्याकडे म्हणतात, मागे खूर राहिला नाही. घोडा जातो, त्याच्या खुराची खूण मातीत राहते. याची तीही राहिली नाही. ज्याचा खूर नाही त्याच्यासाठी गुरुवारी तळणीच्या तेलाचा वास, जो मेलेल्यांपर्यंत पोचतो, तो कोण काढणार, ईदला पिठाचे बोरसोक तळून त्याचं नाव कोण घेणार? आई आहे तोवर आई. नंतर?

दफनाच्या दिवशी तिच्या दिराने, कालमातने, वर टेकडीवर घराण्याच्या रांगेत खड्डा खणायला माणसं पाठवली होती. सासरे तिथे, नवरा तिथे. बुर्माकान म्हणाली, "नाही. माझा मुलगा खाली रस्त्याकडेला राहील."

"जेने, घराण्याची रांग सोडून?" कालमात म्हणाला. आमच्याकडे वडीलभावाच्या बायकोला जेने म्हणतात, आणि तिच्याशी वाद घालताना आवाज खाली ठेवायचा असतो. त्याने ठेवला नाही. "रस्त्यावर काय भिकारी आहे का तो?"

"वर काय आहे? वारा येऊन कुराण वाचणार आहे का त्याच्यासाठी?"

दोघांचं नीट बोलणं त्या दिवसापासून तुटलं. पण कुबातला जागा रस्त्याकडेलाच मिळाली. रोज शेकडो परके हात त्याच्यासाठी उठू लागले, आणि त्यातलं खरं किती, खोटं किती, ते बघायला त्याची आई कठड्यावर बसू लागली.

मग नव्या रस्त्याची बातमी आली.

गावाच्या बाहेरून, नदीच्या बाजूने मोठा रस्ता जाणार होता. लोक खूश होते. ट्रकांमुळे भिंतींना भेगा पडल्या होत्या, वासरं मेली होती, शाळेतून सुटलेल्या पोरांना हात धरून रस्ता ओलांडून द्यायला म्हाताऱ्यांना उभं राहावं लागे. नाखूश होती ती फक्त झिपार, आणि ते ती उघड बोलायची. सभागृहात नकाशा लावला, शहरातून आलेल्या तरुण इंजिनियरने काठीने रेघ दाखवली आणि विचारलं, कोणाला काही शंका?

बुर्माकान उठली. "नव्या रस्त्यावरून कबरस्तान दिसेल का?"

इंजिनियर समजूतदारपणे हसला. "अजिबात नाही, आजी. बिलकूल काळजी करू नका. आपण इतक्या लांबून जातोय की एकाही कबरीला धक्का लागणार नाही."

लोकांनी माना डोलावल्या. बुर्माकान उभीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते इंजिनियरला कळलं नाही. त्याने चांगली बातमी दिली होती.

बाहेर आल्यावर तिने पहिला माणूस धरला तो कालमात. तो गावच्या पंचांत होता. "पहिल्या नकाशात रेघ टेकडीच्या पायथ्यानं होती. मी बघितली होती. आता नदीवर कशी गेली?"

"मला काय माहीत? तिथं जमीन दलदलीची असेल."

"दलदल! टेकडीवर दलदल! रेघ वाकवणारा कोणीतरी असतो, कालमात. रेघ आपली आपण वाकत नाही."

"तू काय म्हणतेस, मी वाकवली?"

"मी काही म्हणत नाही. मी फक्त तुझ्याकडे बघतेय."

तिच्या मते सगळं स्पष्ट होतं. दफनाच्या दिवशी दीर हरला होता. आता त्याने रस्ताच उचलून नेला. ती हे कोणाला सांगत नसे. पण भाकरी भाजताना, दूध गाळताना तिचे ओठ हलत, आणि बायका एकमेकींना म्हणत, झाली, कालमातची उजळणी सुरू झाली.

शरद ऋतूत नदीकाठी खुंट्या ठोकल्या गेल्या, वर लाल रंग. आणि आठवड्याभरात त्या गायब होऊ लागल्या. मुकादम गावात येऊन ओरडला. ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. झिपारकडे आधी, कारण तिचं दुकान जाणार होतं.

"माझ्याकडे?" झिपार कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या चुलीत बघा! पण मग बुर्माकान एजेच्याही बघा. रोज नान घेऊन कॅम्पवर कोण जातं? परक्यांना गरम नान? आम्हाला तर ती शिळा तुकडा देताना हात आखडते."

हे खरं होतं. बुर्माकान रोज दुपारी फडक्यात नान बांधून रस्त्याच्या कॅम्पवर जायची. काय बोलते, कोणाशी बोलते, कोणाला कळेना. कोणी म्हणालं, तिला गुपचूप सांगितलंय की कोणाचं शेत घेणार. कोणी म्हणालं, ती गावाची बातमी तिकडे पोचवते. कालमातची बायको म्हणाली, म्हाताऱ्या बाईला नवरा बघायचा असेल. तिच्यासमोर मात्र सगळे गप्प. ती आली की बोलणं थांबायचं, आणि बोलणं थांबलं की तिचा संशय वाढायचा. असं ते बर्फ पडून काम थांबेपर्यंत चाललं. शेवटी खुंट्यांचं उलगडलं, तेव्हा कळलं की त्या जवळजवळ सगळ्याच घरांच्या तंदुरात गेल्या होत्या. वाळलेलं, सरळ लाकूड, फुकट. मुकादमाने पुढच्या वेळी लोखंडी सळया ठोकल्या.

कॅम्पवर ती खरं म्हणजे भराव बघायला जात होती. बर्फ वितळल्यावर काम पुन्हा सुरू झालं. डंपर खडी ओतत, रोलर दाबत जाई, भराव चढत गेला. बुर्माकान चढ चढून वर उभी राहायची आणि गावाकडे बघायची. पॉप्लरची रांग दिसायची, शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसायचं. कबरस्तान दिसायचं नाही. दिसायचं म्हणजे, टेकडी दिसायची. कबरींचे मातीचे घुमट मातीच्या टेकडीत मिसळून गेलेले.

"आणखी उंच करणार का?" तिने मुकादमाला विचारलं.

"थोडा. का?"

"मग दिसेल का?"

"काय दिसेल, एजे?"

तिने फडक्याची गाठ सोडली. तो चांगला माणूस होता की कालमातने सांगून ठेवलेला, तिला ठरवता येईना. नान मात्र तिने त्याच्या हातात ठेवली.

वसंताच्या शेवटी एका दुपारी गावाने पाहिलं की कॅम्पवरचे दोन मजूर एक भलामोठा देवदारी वासा खांद्यावर घेऊन चालले आहेत आणि पुढे बुर्माकान. झिपार दुकानातून बाहेर आली.

"विकली गेली," ती म्हणाली. "एका लाकडासाठी. मी तर निदान छपराइतकं मागितलं असतं."

तो वासा कुबातच्या उशाशी उभा राहिला. त्याच्या टोकाला बुर्माकानने पांढऱ्या याकची शेपटी बांधली. वरच्या कुरणातल्या मेंढपाळाकडून तिने ती मागून आणली होती. वारा आला की पांढरा झुपका असा पसरायचा की नदीपलीकडूनही नजर खेचली जाईल.

मुल्ला दुसऱ्याच दिवशी आले. वाशाकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"बुर्माकान, अशी शेपटी कोणाच्या कबरीवर लावतात, माहीत आहे ना?"

"ज्याची आई लावते त्याच्या."

"पिराच्या. अवलियाच्या. तुझ्या कुबातला मी शिकवलंय. त्याला पाच ओळी पाठ होत नव्हत्या."

"पाठ नसतील. पण तुमची सायकल त्यानंच दुरुस्त करून दिली होती."

"मोडली पण त्यानंच होती!"

मुल्ला रागावून गेले, पण वासा काढायला कोणाला सांगितलं नाही. गावाला आता नवा विषय मिळाला. ही बाई इथे दानपेटी ठेवणार, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. लोक मुद्दाम चक्कर मारून कबरीभोवती बघून यायचे की पेटी आली का.

उन्हाळ्यात रस्ता खुला झाला. त्या दिवशी गावात इतकी शांतता झाली की कालव्याचं पाणी ऐकू आलं. म्हातारे दारात येऊन उभे राहिले, जसं काही कोणीतरी बोलता बोलता थांबलं होतं. झिपारने सवयीने पातेलंभर चहा केला आणि संध्याकाळी तो झाडांना घातला.

बुर्माकान नदीकडे गेली. भरावाच्या कडेला उभी राहून पहिल्या ट्रककडे बघू लागली. ड्रायव्हरने डावीकडे मान वळवली. त्याला टेकडी दिसली, टेकडीवर पांढरा झुपका दिसला, आणि त्याचे दोन्ही हात वर आले. मागच्या गाडीनेही तेच केलं. नाक पुसणारा एकही नव्हता. ती दिवसभर उभी राहिली. संध्याकाळी घरी जाताना ती झिपारच्या दुकानात गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने चहाला नाव ठेवलं नाही. झिपारला त्याचाही संशय आला.

पुढे गाड्या थांबू लागल्या. माणसं उतरून शेतातून चालत टेकडीकडे यायची. कोणी वाशाला चिंधी बांधली. एकीचं बघून दुसरीने बांधली. महिन्याभरात वाशाचा खालचा भाग रंगीबेरंगी झाला. लांबच्या खोऱ्यात बातमी पोचली की नव्या रस्त्याला एक पीर उघड झाला आहे. रस्ता वाकला तोच त्याच्यामुळे, त्याच्या कबरीपाशी म्हणे यंत्रं पुढे सरकेनात. आमच्या गावातल्या लोकांनी हे ऐकलं आणि हसून हसून त्यांचे डोळे भरले. कुबात! ज्याने शेजाऱ्याची मोटरसायकल न विचारता नेऊन कालव्यात घातली, तो! पण बाहेरच्या माणसाला खरं सांगायला कोणी गेलं नाही. थोडी गंमत होती, आणि झिपारचा चहा पुन्हा खपू लागला होता.

एका सकाळी बुर्माकान कबरीपाशी गेली तेव्हा तिथे एक बाई आणि तिची तरुण सून बसलेली होती. सुनेचं कपाळ वाशाला टेकलेलं. सासूने नवी चिंधी बांधून गाठ आवळली.

"कुठून आलात?" बुर्माकानने विचारलं.

"खिंडीच्या पलीकडून. सुनेला चार वर्षं झाली, मूल नाही. सगळे म्हणाले, इथं मिळतं."

बुर्माकान खाली बसली. "ह्याचं नाव माहीत आहे का?"

"नाव कशाला हवं, एजे? मोठा पीर आहे."

"त्याच्यासाठी काही म्हणालात का? दुवा?"

बाईला प्रश्नच कळला नाही. ती हसली. "त्याच्यासाठी? त्याला काय कमी आहे? तो देणारा. आपण मागणारे."

बुर्माकानने वाशावरची नवी गाठ हाताने चाचपली. मग तिने पिशवीतली नान काढली, तिघींत मोडली. सुनेला मोठा तुकडा दिला. त्या दोघी उठून गेल्या, तरी ती तिथेच होती. ज्याचा खूर राहिला नाही, त्याच्याकडे लोक मूल मागत होते. रस्त्यावरचे हात अजूनही उठत होते, पण ते हात आता त्याच्याकडे पसरलेले होते. त्याच्यासाठी कोणीच काही मागत नव्हतं.

ती उठली आणि सरळ कालमातच्या घरी गेली. इतक्या वर्षांत तिने त्या फाटकाला हात लावला नव्हता.

"करवत आहे का?"

कालमात अंगणात गवताच्या पेंढ्या रचत होता. "आहे. कशाला?"

"आणि शिडी."

त्याने हातातली पेंढी तशीच टाकली. दोन्ही खांद्यावर घेऊन तो तिच्या मागून निघाला. वाटेत झिपारने हाक मारली, "काय एजे, दिराला पिराचा चेला केलंस की काय?" दोघं तशीच पुढे चालत गेली.

कालमात शिडीवर चढला, बुर्माकानने शिडी धरली. शेपटी आधी खाली आली, मग वासा तुकड्यातुकड्याने. चिंध्या तिने एक एक सोडवल्या, कापून टाकल्या नाहीत. कोणाकोणाच्या गरजा होत्या त्यात.

वरून कालमात म्हणाला, "जेने, एक सांगू? पहिली रेघ टेकडीच्या पायथ्यानं होती, तुझं बरोबर होतं. ती खालची रांग कापत होती. हीच रांग. मी आणि मुल्ला शहरात जाऊन भांडून आलो, म्हणून नदीवर गेली."

बुर्माकान वर बघत राहिली. भुसा तिच्या रुमालावर पडत होता.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू माझ्याकडे बघत होतीस. बोलायला जागा कुठे ठेवलीस?"

"मुल्लांनी तरी सांगायचं."

"त्यांना वाटलं मी सांगितलं."

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "हं." तिने त्यावर विश्वास ठेवला का, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. मुल्लांना ती विचारायला गेली नाही. पण त्या दिवशी शिडी कालमातच्या घरी परत नेताना तिने एक टोक स्वतः उचललं होतं.

टेकडी पुन्हा मातीच्या रंगाची झाली. गाड्या न थांबता जाऊ लागल्या. खिंडीपलीकडच्या काही बायका अजून येत, वासा नाही बघून गोंधळून परत जात. बुर्माकान त्यांना नाव सांगायची: कुबात, माझा मुलगा, बांधकामावर होता, पीर नव्हता. काहींना राग यायचा. एक दोघी मात्र ते ऐकून थांबल्या, आणि त्यांनी दोन्ही हात उचलले. सासू-सून पुन्हा आल्या नाहीत.

मग तिने नव्या रस्त्याच्या कडेला आयरान, म्हणजे आमचं ताक, विकायला सुरुवात केली. लाकडी खोका, वर ओलं फडकं, खाली विहिरीच्या गार पाण्यात बाटल्या. झिपारने लगेच जाहीर केलं की हा सगळा बेत पहिल्यापासूनच ठरलेला होता, वासा आणि पीर निमित्त. तसं मानणारे आजही आहेत. पण ज्यांनी तिच्याकडून आयरान घेतलं त्यांना माहीत आहे की पैसे ती शेवटी घ्यायची. आधी बाटली हातात द्यायची आणि टेकडीकडे बोट दाखवायची.

"तिकडे आमची माणसं आहेत. कुबात नावाचा एक आहे, त्याला मूलबाळ नाही. दोन्ही हातांनी कर."

काही जण हसायचे, पण करायचे. आणि ती डोळे बारीक करून बघायची, खरं केलं की घाई केली. ज्याने घाई केली त्याला सुटे पैसे मिळायला उशीर लागायचा.

तीन उन्हाळे ती तिथे बसली. चौथ्याच्या आधीच्या थंडीत, फेब्रुवारीत, गेली. खड्डा कुठे खणायचा हे कोणी विचारलं नाही. कालमातने स्वतः जाऊन कुबातच्या शेजारची जमीन मोकळी केली. गोठलेली होती, रात्रभर टायर जाळावे लागले.

माझी तिची शेवटची भेट त्याआधीच्या सप्टेंबरातली. मी शहरात परत चालले होते, मिनीबस भरलेली होती, आणि ड्रायव्हर तहान लागली म्हणून तिच्या खोक्यापाशी थांबला. मी टेकडीकडे बघून हात फिरवले. तिने ते नीट बघितले आणि मान हलवली. मग ओली बाटली माझ्या हातात दिली आणि खिडकीतून आत वाकून म्हणाली, "हलवून पी गं, नाहीतर वरचं पाणीच लागेल. आणि बाटली फेकू नकोस, परत येशील तेव्हा आण."